तीन खेळांची शर्यत आणि श्रमिकाचा रविवार

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीचा कार्यकर्ता बोलणार म्हटले, की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. महागाई, बोनस, कंत्राटी पद्धत हे विषय तो घेणार, हे उघडच आहे. ते माझे रोजचेच विषय आहेत. परंतु यंदा चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि मी ट्रायथलॉन हा विषय घेतला. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल चालवणे आणि शेवटी धावणे, या तिन्हींची मध्ये न थांबता होणारी एकच शर्यत. विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याच युनियनच्या एका जुन्या मोल्डरने मला कारखान्याच्या गेटवर गाठले आणि विचारले, “दादा, ही मोठ्या लोकांची हौस. आम्ही आठ तास भट्टीपुढे घाम गाळतो. आम्हाला आणखी घाम कशाला?”

त्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे. मी डॉक्टर नव्हे की क्रीडाशिक्षकही नव्हे. दहावीनंतर कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत लागलो, पुढे युनियनच्या कामात पडलो आणि जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कामगारांच्या आरोग्य शिबिरात, इतरांना रांगेत उभे करता करता, मीही रक्त तपासून घेतले. साखर वाढलेली निघाली आणि रक्तदाबही. तिथून हा उद्योग सुरू झाला. तेव्हा मी सांगतो आहे ते थोडे वाचलेले आणि बरेचसे अंगावर घेतलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

प्रथम या खेळाची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात मोठ्या लोकांचा काही संबंध नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो या बंदराच्या शहरी धावणाऱ्यांचे एक मंडळ होते. 25 सप्टेंबर 1974 रोजी, बुधवारी संध्याकाळी, म्हणजे कामे आटोपल्यावर, या मंडळाने मिशन बे येथे पोहणे, सायकल आणि धावणे यांची एकत्र शर्यत घेतली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन हे तिचे आयोजक. 46 माणसे उतरली. त्यांत जॉन कॉलिन्स नावाचा एक नौदल अधिकारी होता. पुढे तो हवाई बेटांवर गेला. तिथे पोहणारा अधिक दमदार, धावणारा, की सायकलवाला, असा वाद निघाला. कॉलिन्सने त्यावर तोड काढली. ओआहू बेटावर तिन्ही खेळांच्या तीन जुन्या लांब शर्यती होत्या, त्या त्याने एकाच दिवसात जोडल्या. 18 फेब्रुवारी 1978 रोजी 15 जण निघाले आणि 12 जण पोहोचले. गॉर्डन हॉलर हा 11 तास 46 मिनिटे 58 सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार सायकल संपेपर्यंत पुढे होता. परंतु त्याच्या सोबत्यांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, असे सांगतात. सोबतीला माणसे असून भागत नाही, त्यांच्याजवळ वेळेवर पाणीही लागते, हे संप चालवलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

ही झाली ‘आयर्नमॅन’ म्हणजे लोहपुरुष शर्यत: 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे. हे आकडे ऐकूनच आपला माणूस बिचकतो आणि खेळाकडे पाठ फिरवतो. वास्तविक हे या खेळाचे शिखर आहे, पायथा नव्हे. 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन प्रथम आले, तेव्हा अंतरे 1.5 किलोमीटर, 40 किलोमीटर आणि 10 किलोमीटर अशी होती. त्याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीला ‘स्प्रिंट’ म्हणतात: 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणे. नवख्या माणसाची वाट इथून सुरू होते. वीस किलोमीटर सायकल म्हणजे आपल्या कित्येक कामगारांचे कारखान्यात जाणे-येणेच होय.

आता त्या मोल्डरच्या प्रश्नाकडे वळू. कष्ट करणाऱ्याला व्यायामाची गरज नाही, ही समजूत मीही तीस वर्षे बाळगली. कोपनहेगन येथे एक लाख चार हजारांवर स्त्री-पुरुषांची माहिती घेऊन सरासरी दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. मोकळ्या वेळात अंग हलवणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यू यांचा धोका कमी आढळला. मात्र ज्यांची अंगमेहनत कामावरची होती, त्यांना तो अधिक आढळला. तेच शरीर आणि तोच घाम, पण फळ उलटे.

याचे कारण शोधायला भट्टीसमोर उभे राहावे. कामावर ओझे तेच, वाकणे तेच, खांद्याचा तोच सांधा दिवसभर झिजतो. वेग यंत्राचा असतो, आपला नसतो. छाती भरून आली म्हणून मोल्डर पाच मिनिटे बसू शकत नाही, कारण वितळलेले लोखंड थांबत नाही. रक्तदाब तासन् तास चढलेला राहतो आणि विश्रांती पुरती होण्याआधी दुसरी पाळी येते. याउलट व्यायामाचा वेग आपण ठरवतो, श्रम थोडे करतो, मग थांबतो, आणि थांबलेल्या वेळात शरीर स्वतःला दुरुस्त करून घेते. म्हणून मी त्या मित्राला म्हणालो, “बाबा, घामाघामांत फरक आहे. एक घाम आपण विकतो आणि एक घाम आपण राखून ठेवतो. माझे म्हणणे या दुसऱ्या घामाविषयी आहे.”

हा दुसरा घाम गाळायला वेळ लागतो आणि वेळ हा आमच्या चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न आहे. ट्रायथलॉन, मॅरेथॉन, लांब पल्ल्याची सायकलफेरी यांची पत्रके पाहा. बहुतेक सगळ्या रविवारी पहाटे असतात. हा रविवार आकाशातून पडलेला नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. त्याआधी गिरणीतल्या माणसाला आठवड्याचा असा एक हक्काचा दिवस नव्हता. शर्यतीच्या रेषेवर उभा राहिलो की मला या गृहस्थांची हटकून आठवण होते.

दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ मॅरेथॉन ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत जगप्रसिद्ध आहे. ती 1921 साली व्हिक क्लॅपहॅम या रेल्वे इंजिनचालकाने, पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ सुरू केली. पहिल्या वर्षी 34 जण धावले. मात्र काळ्या धावपटूंना आणि स्त्रियांना तिथे अधिकृत प्रवेश मिळायला 1975 साल उजाडावे लागले. तोपर्यंत त्यांच्यातील काही जण नाव न लागता, बिल्ला न मिळता धावत राहिले. दमसासाचा खेळ श्रमिकांना परका नाही, हे यावरून दिसते. परका असतो तो त्याचा दरवाजा, आणि दरवाजे कसे उघडतात हे आपणांस ठाऊक आहे.

तर आता सुरुवात कशी करावी? पहिले पाऊल दवाखान्यात टाकावे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा आणि आपण काय करणार आहोत ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चालताना छातीत दडपण, चक्कर, अवचित धाप यांपैकी काही होत असेल तर ते ‘गॅस’ म्हणून लपवू नये. मी हे एवढ्या आग्रहाने का सांगतो ते पुढे येईलच.

दुसरे पाऊल आठवड्याची आखणी. सुरुवातीला आठवड्याला पाच तास पुरेत. दोन दिवस पोहणे, प्रत्येकी पाऊण तास. दोन दिवस धावणे, अर्धा-अर्धा तास. कामावर जाण्या-येण्याची सायकल आणि रविवारी एक लांब फेरी. एक दिवस पूर्ण विश्रांती, तिच्यात तडजोड नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात आधी झोप, मग जमेल तेवढा हलका व्यायाम. झोप मोडून केलेला व्यायाम हा कर्ज काढून केलेल्या सणासारखा असतो.

तिसरे पाऊल वेगाचे, आणि इथे जवळजवळ प्रत्येक नवखा चुकतो. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे; वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला. सरावाचा बहुतेक भाग अशा बोलक्या वेगानेच करावा. प्रारंभी एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, यात लाज नाही. आठवड्याला दहावा हिस्सा वाढवावा आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करावे. याचे कारण असे, की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. पण स्नायूबंध आणि हाडे यांना महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि पोटरी किंवा गुडघा संपावर जातो. युनियनही अशीच बांधावी लागते. पहिल्याच महिन्यात बेमुदत संपाची घोषणा करणारा पुढारी टाळ्या मिळवतो, पण त्याच्यामागे सभासद उरत नाहीत.

धावण्यापेक्षा सायकल सोपी, कारण ती आपल्या घरात असते. पहिल्या शर्यतीला महागडी सायकल लागत नाही. ब्रेक, टायर आणि साखळी धड असलेली कोणतीही सायकल चालते. बैठकीची उंची मात्र नीट करून घ्यावी. पायटा सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. जादा ट्यूब आणि पंप जवळ ठेवून पंक्चर स्वतः काढायला शिकावे. हेल्मेट सक्तीचे असते. पोहून आल्यावर सायकलीला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलाच पाहिजे, नाहीतर दंड होतो. सायकलवरून उतरून लगेच धावू लागले की पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. म्हणून आठवड्यातून एकदा सायकल संपताच दहा मिनिटे धावण्याचा सराव करावा, म्हणजे शर्यतीच्या दिवशी घाबरायला होत नाही.

खाण्यापिण्याविषयी दोनच गोष्टी सांगतो. तासा-दीड तासापेक्षा अधिक श्रम असतील तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर किंवा पिष्ट पोटात जावे. एक मध्यम केळे म्हणजे त्यातले सुमारे 25 ग्रॅम. केळी, खजूर, गुळाचा खडा, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यांवर काम भागते. आणि शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नये. दुसरी गोष्ट पाण्याची. ‘भरपूर पाणी प्या’ हा उपदेश अर्धाच खरा आहे. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरांतील तेरा जणांच्या रक्तातील सोडियम धोक्याइतके उतरलेले निघाले. आणि धावताना पाणी पिऊन ज्यांचे वजन उलट वाढले होते, त्यांना हा त्रास अधिक होता. तहानेपुरते प्यावे आणि मीठ विसरू नये.

आता पोहणे. ते शेवटी ठेवले, कारण या खेळातला खरा धोका पाण्यात आहे. अमेरिकेतील 1985 ते 2016 या काळातील ट्रायथलॉनची नोंद डॉक्टरांनी तपासली. मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या मिळून 135 घटना मिळाल्या. त्यांपैकी 90 पोहताना घडल्या होत्या. शंभरांत पंच्याऐंशी पुरुष होते आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. ज्यांची शवचिकित्सा उपलब्ध होती अशा 61 जणांपैकी 27 जणांच्या हृदयात वा रक्तवाहिन्यांत आधीचाच दोष सापडला. एकंदर भाग घेणाऱ्यांच्या मानाने या घटना लाखात दोनही नव्हत्या, म्हणून भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. परंतु त्या यादीत बसणारा माणूस कसा असतो? पन्नाशीकडे झुकलेला पुरुष, स्वतःला धडधाकट समजणारा, डॉक्टरांकडे न गेलेला. म्हणजे आरोग्य शिबिराच्या आदल्या दिवसापर्यंतचा मी.

तलावातले पोहणे आणि तरणतलावातले पोहणे यांत फार अंतर आहे. तळ दिसत नाही, भिंत नाही, भोवती शंभर माणसांचे हातपाय. माझी पहिली शर्यत परगावी एका तलावावर होती. दीडशे मीटर गेल्यावर कुणाची तरी लाथ माझ्या तोंडावर बसली, नाकात पाणी गेले आणि मला श्वासच मिळेना. मोर्चात लाठी खाल्लेला मी, पण असे भय मला कधी वाटले नव्हते. मी हात वर केला. बचावाच्या नावेतला पोरगा जवळ आला आणि म्हणाला, “काका, नाव धरा. घाई कुठं हाय?” मी नाव धरली. त्या दिवशी मला या खेळाचा सर्वांत सुंदर नियम कळला. दमलेल्याने नाव धरून विश्रांती घेतली तर तो बाद होत नाही. फक्त नावेने त्याला पुढे ओढता कामा नये. आधार घ्यायची मुभा आहे, आधारावर पुढे सरकायची नाही. संघटनेचाही धर्म हाच, असे मला वाटते. दोन मिनिटांनी नाव सोडली आणि उरलेले अंतर सावकाश कापले. पाण्याबाहेर आलो तेव्हा माझ्यामागे चारच जण होते. पण मी बाहेर आलो होतो.

तेव्हा पोहण्याचे शिक्षण असे घ्यावे. आधी तरणतलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. तोंड पाण्यात असताना श्वास सोडत राहायला शिकावे. नवखा श्वास कोंडतो आणि त्यामुळेच त्याला धाप लागते. उताणे तरंगायला शिकावे, कारण उघड्या पाण्यात तीच आपली ओसरी. सलग आठशे मीटर सहज जमू लागले, की मगच तलाव, आणि तोही कधी एकट्याने नाही. आठ-दहा हातांनी एकदा मान वर करून दिशा पाहावी. शर्यतीत पहिल्या रांगेत न घुसता कडेला किंवा मागे राहावे. आमच्या लहानपणी आम्ही पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. त्या आठवणीवर विसंबून पावसाळ्यातल्या पुरात वा दूषित पाण्यात उतरण्याचा पराक्रम कुणी करू नये.

आपल्या भागात अशा संधी कुठे आहेत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दूर जाण्याची गरज नाही. आपले ऋतूच वेळापत्रक बनवून देतात. आज उन्हाळा आहे. या दोन महिन्यांत तरणतलाव गाठावा. पावसाळ्यात घाटातले रस्ते निसरडे होतात, तेव्हा सायकल बेताने आणि धावणे नियमाने करावे. 2012 सालापासून साताऱ्यात पाऊस सरताना अर्ध-मॅरेथॉन भरू लागली. यवतेश्वरचा घाट चढून जाणारी आणि तोच घाट उतरून येणारी 21 किलोमीटरची ही शर्यत आहे. चढण दमाची आणि उतरण गुडघ्यांची परीक्षा घेते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची आणि मुंबईची, जानेवारीतली, 2004 पासूनची. या मोठ्या मेळ्यांत छोट्या अंतराच्या शर्यतीही असतात. तिथे गर्दीत धावण्याची सवय होते.

सायकलवाल्यांसाठी ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्या असतात. पद्धत मूळ फ्रान्सची. आपल्याकडे ‘ऑडॅक्स इंडिया’च्या नियमाने महाराष्ट्रातील अनेक शहरांतून त्या निघतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर 20 तासांत, 400 किलोमीटर 27 तासांत आणि 600 किलोमीटर 40 तासांत. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करीत वेळेत पोहोचला तो प्रत्येकजण सारखाच यशस्वी. मला हा प्रकार फार आवडतो, कारण यात शेजाऱ्याला हरवावे लागत नाही.

पोहणाऱ्यांसाठी हिवाळ्यात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरते. निरनिराळ्या वयांसाठी निरनिराळी अंतरे असतात. मुंबईत संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया ही 5 किलोमीटरची जुनी स्पर्धा आहे, पण ती चांगल्या सरावानंतरची गोष्ट. आणि तिन्ही खेळ एकत्र पाहिजेत, तर आमच्या कोल्हापुरातच राजाराम तलावावर ट्रायथलॉन झाल्या आहेत. गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर 2019 मध्ये ‘आयर्नमॅन’ मालिकेतील अर्ध्या अंतराची शर्यत भारतात प्रथमच झाली: 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे. कोकण-गोव्याचा दमटपणा या अंतरांहून अधिक छळतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पत्रक हाती आले म्हणून लगेच पैसे भरू नयेत. करारनामा वाचावा तसे ते वाचावे. पाण्यात बचावाच्या नावा आणि जीवरक्षक किती? डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर आहेत काय? सायकलीचा रस्ता वाहनांना बंद आहे की ट्रक-बसच्या शेजारून जायचे? प्रत्येक टप्प्याची कालमर्यादा किती? शर्यत रद्द झाली तर शुल्क परत मिळते काय? या प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्या आयोजकाकडे जाऊ नये, मग बिल्ला कितीही चकचकीत असो. मागच्या वर्षी तिथे भाग घेतलेल्या दोन माणसांना विचारावे. ही माणसे कुठे भेटतात? पहाटे तरणतलावावर, रंकाळ्याच्या कडेने धावताना, सायकल दुरुस्तीच्या दुकानात. कोणत्याही गावात हे तीन पत्ते पुरतात. मोठ्या शर्यतीचे शुल्क कामगाराला विचारात पाडणारे असते, हे खरे. पण सरावाला शुल्क नाही. आणि पाच-दहा जणांनी मिळून, डॉक्टर आणि जीवरक्षक बोलावून, आपल्या गावातच छोटी शर्यत घ्यायला कोणी अडवलेले नाही. सॅन डिएगोच्या मंडळाने दुसरे काय केले?

आपल्याकडे या दमसासाची परंपरा नाही, असे म्हणणाऱ्यांना मी आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरची वाट दाखवतो. सत्तरीच्या माउल्या डोक्यावर तुळस घेऊन ती चालतात. त्या कशाच्या बळावर पोहोचतात? रोजचा टप्पा बेताचा असतो, मुक्काम ठरलेला असतो आणि दिंडीत कुणी एकटा नसतो. कोणत्याही प्रशिक्षकाला यापेक्षा निराळे काही सांगता येणार नाही.

एक गोष्ट राहिली आणि ती माझ्या घरातली आहे. रविवारी पहाटे मी सायकल घेऊन निघायचो आणि दहा वाजता भुकेला परतायचो. लोखंड्यांची गोष्ट मी घरी अभिमानाने सांगत असे. एके दिवशी सौभाग्यवतींनी पोळ्या लाटता लाटता विचारले, “तुमचा रविवार लोखंड्यांनी मिळवून दिला. माझा कुणी मिळवायचा?” तीस वर्षे मी व्यवस्थापनासमोर मागण्या मांडल्या, पण एवढी बिनतोड मागणी मी ऐकली नव्हती आणि माझ्याजवळ उत्तरही नव्हते. पुष्कळ वाटाघाटी होऊन असे ठरले, की एक रविवार माझा आणि एक तिचा. तिच्या रविवारी स्वयंपाक माझ्याकडे. ती रंकाळ्याला दोन फेऱ्या चालते आणि आता शेजारच्या चौघी तिच्याबरोबर असतात. माझ्या भाकऱ्या अजून गोल होत नाहीत. ज्या खेळासाठी घरातल्या दुसऱ्या माणसाचा दिवस खर्ची पडतो, तो खेळ व्यायाम असेल, पण न्याय नव्हे, हे मी त्यातून शिकलो.

त्या जुन्या मोल्डरचे काय झाले, हे आपण विचाराल. त्याने माझे म्हणणे ऐकून घेतले, मान हलवली आणि निघून गेला. तो ट्रायथलॉनला येईल असे मी म्हणणार नाही. पण गेल्या पंधरवड्यात त्याने दवाखान्यात जाऊन हृदयाचा आलेख काढला आणि कामावर येताना जुनी सायकल बाहेर काढली. परवा गेटवर भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, चढाला उतरून ढकलत आलो. चालतं का?”

मी म्हणालो, “चालतं. वेग तुझा आहे.”